सगळे येते, पण सुरुवात होत नाही : मेंदूच्या इजेनंतरच्या गृहसाहाय्याचे एक प्रकरण

जन्मानंतर मेंदूला झालेली इजा अपघाती माराने होते, तशीच ती पक्षाघाताने, रक्तस्रावाने, मेंदूज्वराने, गाठीने किंवा प्राणवायूच्या तुटवड्यानेही होते. कारण कोणतेही असले, तरी तिचे मोजमाप रुग्णालयात होते आणि तिच्यासह जगावे लागते ते घरात. पुढील प्रकरण अशाच एका घराचे आहे. गृहसाहाय्याच्या कामात जवळून पाहिलेल्या काही कुटुंबांतील प्रसंग एकत्र करून ते मांडले आहे, त्यामुळे त्यातील माणसे कोणा एका कुटुंबाशी जुळणार नाहीत. जिला चालता येते, बोलता येते, हिशेब करता येतो, पण एकटीने एक सकाळही सुरक्षितपणे पार पाडता येत नाही, अशा व्यक्तीला नेमकी कोणती मदत द्यावी आणि तिची गरज इतरांना कशी पटवून द्यावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

घटना आणि रुग्णालय

रुग्ण ४७ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या शिक्षिका. घरी पती, १७ वर्षांची मुलगी आणि १२ वर्षांचा मुलगा. एका दुपारी वर्गात फळ्यासमोर उभ्या असताना त्यांच्या डोक्यात घण घातल्यासारखी कळ उठली, उलटी झाली आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव दिसला. मेंदूच्या पुढच्या भागातील डाव्या आणि उजव्या धमन्यांना जोडणारी एक आखूड धमनी असते. तिच्यावर आलेला फुगा, ज्याला डॉक्टर ॲन्युरिझम म्हणतात, तो फुटला होता. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून फुग्याच्या मानेवर क्लिप बसवण्यात आली आणि ती नीट बसली. मात्र अशा रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या आकुंचन पावण्याचा धोका असतो, आणि त्यांच्या बाबतीत सातव्या दिवशी तेच घडले. दोन्ही बाजूंच्या फ्रंटल लोबचा, म्हणजे कपाळामागील मेंदूचा, आतला आणि खालचा भाग काही काळ रक्तावाचून राहिला.

इजा कुठे झाली हे येथे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढचे सगळे प्रश्न त्या जागेतूनच आले. हातापायांची हालचाल आणि भाषा सांभाळणारे भाग वाचले. जे दुखावले ते भाग काम सुरू करणे, चालू काम योग्य वेळी थांबवणे, मनातील हेतू कृती पूर्ण होईपर्यंत धरून ठेवणे आणि ताज्या घटनांची क्रमवार नोंद ठेवणे यांच्याशी संबंधित होते. या विशिष्ट धमनीच्या फुग्यानंतर स्मृतिदोष, नकळत रचलेल्या आठवणी आणि स्वभावातील बदल हे तिन्ही एकत्र दिसू शकतात, हे डॉक्टरांना दीर्घकाळ माहीत आहे. कुटुंबाला मात्र ते कोणी बसवून सांगितले नव्हते.

नऊ आठवड्यांनी, त्यातील शेवटचे चार पुनर्वसन विभागात काढून, त्या घरी आल्या. सोबतच्या कागदावर ‘दैनंदिन व्यवहारांत स्वावलंबी’ असा शेरा होता आणि बार्थेल निर्देशांकात शंभरपैकी शंभर गुण होते. हा निर्देशांक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही सर्वत्र वापरला जातो. खाणे, आंघोळ, कपडे घालणे, शौच, जिने चढणे अशा दहा बाबी तो तपासतो आणि त्या तपासण्यापुरता तो चांगला आहे. पण त्या बाबी कोणीतरी आठवण करून दिल्यावर होतात की आपणहून, हे त्या गुणांत उमटत नाही. शेरा खोटा नव्हता. रुग्णालयात ठरलेल्या वेळी परिचारिका येत होत्या, ‘चला’ म्हणत होत्या आणि त्या उठत होत्या, इतकेच.

घरी आल्यावरचे पहिले तीन महिने

घरी ‘चला’ म्हणणारे कोणी नव्हते. सकाळी जाग आल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसत आणि कोणी खोलीत येईपर्यंत तशाच बसून राहत. न्हाणीघरात गेल्या की नळ सोडून त्याकडे बघत उभ्या राहत. अर्ध्या तासाने मुलीने दार ठोठावले की कोरड्याच बाहेर येत आणि आंघोळ झाली असे शांतपणे सांगत. पतीला हे आळसासारखे वाटले, मग निराशेसारखे, आणि नंतर तर आपल्याला मुद्दाम दिलेल्या त्रासासारखे. असे वाटल्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही, कारण जी बाई दहावीच्या वर्गाला समीकरणे शिकवीत होती आणि अजूनही तोंडी गुणाकार बिनचूक करीत होती, तिला उठून दात घासण्याचे सुचत नाही, हे डोळ्यांनी पाहूनही मनाला पटत नाही.

नकळत रचलेल्या आठवणींनी हा ताण आणखी वाढवला. संध्याकाळी पती घरी आले की त्या सांगत, आज शाळेत गेले होते, नववीचा तास घेतला, दोन मुले अनुपस्थित होती. पती ते खोटे ठरवत, वाद होई, आणि दोघेही दुखावून आपापल्या खोलीत जात. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असते. येथे मेंदू आठवणीतील रिकामी जागा जुन्या, खऱ्या आठवणींच्या तुकड्यांनी भरून काढत होता आणि त्या स्वतः त्यावर पूर्ण विश्वास ठेवत होत्या.

तिसऱ्या महिन्यात शेगडीचा प्रसंग घडला. ज्योत विझून गॅस वाहत होता, त्या दोन पावलांवर उभ्या होत्या आणि त्यांना काहीही जाणवले नव्हते. त्यांची वासाची जाणीव गेली आहे, हे घरच्यांना त्या दिवशी कळले. मेंदूच्या पुढच्या, खालच्या भागाला इजा झाल्यावर किंवा त्या भागात शस्त्रक्रिया झाल्यावर गंधाच्या नाजूक मज्जातंतूंना धक्का बसू शकतो. व्यक्ती स्वतः त्याची तक्रार क्वचितच करते, म्हणून घरी सोडण्यापूर्वी हे तपासून घेणे आणि कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक असते. या प्रसंगानंतर पतीने एका संस्थेमार्फत दिवसाच्या आठ तासांसाठी मदतनीस ठेवली.

मदतीने झालेले नुकसान

या मदतनीस ताई मनापासून काम करणाऱ्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा त्यांनी अनेक वर्षे केली होती आणि तीच सवय घेऊन त्या येथे आल्या. त्यांनी रुग्णाला आंघोळ घातली, केस विंचरले, कपडे चढवले, गोळ्या हातावर ठेवल्या, जेवणाचे ताट समोर आणले आणि उचलून नेले. घर शांत झाले. दोन महिन्यांनी मुलीच्या लक्षात आले की आई आता पाण्याचा पेलाही स्वतःहून उचलत नाही.

मेंदूच्या इजेनंतरच्या गृहसाहाय्यात हे वारंवार घडते आणि त्याकडे काळजीचा अतिरेक म्हणून कौतुकाने पाहिले जाते, हे मला फार खटकते. ज्या व्यक्तीचे हात शाबूत आहेत तिचे काम दुसऱ्याने करणे म्हणजे तिच्या हातून उरलेसुरले काढून घेणे होय. त्यांची अडचण काम करण्यात नव्हती. ती काम सुरू करण्यात आणि एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्यात होती. मदत तेवढ्याच ठिकाणी लागत होती, पण तिथे ती दर वेळी, अगदी न चुकता लागत होती.

मूल्यमापन : ऐकणे आणि पाहणे

आमच्याकडे प्रकरण आले तेव्हा इजेला सहा महिने होत आले होते. पहिल्या भेटीत त्यांच्याशी तासभर बोलणे झाले. त्या हसतमुख होत्या आणि नेमकी उत्तरे देत होत्या. घरात गॅसचा वास आला तर काय कराल, या प्रश्नावर त्यांनी खिडक्या उघडणे, विजेच्या बटणांना हात न लावणे, मुख्य झडप बंद करणे आणि घराबाहेर पडणे हा क्रम पाठ केल्यासारखा सांगितला. त्याच भेटीत, शेगडी पेटवून भांडे ठेवण्यास सांगितल्यावर त्यांनी बटण फिरवले, लायटर शोधायला वळल्या, ओट्यावरच्या वर्तमानपत्रावर नजर गेली आणि त्या ते वाचत उभ्या राहिल्या. बटण आम्ही बंद केले.

जाणणे आणि करणे यांतील ही फारकत मज्जाशास्त्रात जुनी आहे. हान्स-लुकास टॉयबर यांनी १९६० च्या दशकात फ्रंटल लोबच्या इजेचे वर्णन करताना ती नोंदवली. १९९१ मध्ये टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी अशा तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी चांगली होती, पण काही साध्या नियमांच्या चौकटीत बाजारातील किरकोळ कामे करून यायला सांगितल्यावर ते कोलमडले. चाचणीच्या खोलीत परीक्षक समोर बसतो, एका वेळी एकच प्रश्न विचारतो, कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचे ते सांगतो. म्हणजे रुग्णाच्या मेंदूचे जे काम बंद पडले आहे, तेच परीक्षक नकळत करत असतो. मुलाखतीतही हेच होते. म्हणून अशा व्यक्तीची गरज तिच्या बोलण्यावरून ठरवणे हे माझ्या मते सर्वांत घातक प्रकारचे मूल्यमापन आहे, मग ते करणारा कितीही सद्हेतूने आलेला असो.

आम्ही तीन सकाळी घरी बसून फक्त पाहिले. उठण्यापासून न्याहारी संपेपर्यंत कोणी, किती वेळा आणि कोणत्या प्रकारे त्यांना चालना दिली, याची नोंद केली. शिवाय मुलीशी स्वतंत्रपणे, आईवडिलांच्या गैरहजेरीत बोललो. ती म्हणाली, ‘आईला सगळं येतं. तिचं फक्त बटण मला दाबावं लागतं.’ माझ्या लांबलचक अहवालापेक्षा या दोन वाक्यांत अधिक नेमकेपणा होता, आणि पुढे मदतनीसांना प्रशिक्षण देताना आम्ही तिच्याच परवानगीने ती वापरली.

संध्याकाळच्या चिडचिडीची चौकशी वेगळी करावी लागली. दोन आठवडे प्रत्येक प्रसंगाआधी काय घडले, नेमके काय झाले आणि नंतर काय झाले, हे तीन रकान्यांत लिहून ठेवले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे बहुतेक स्फोट दुपारी विश्रांती न झालेल्या दिवशी, दूरचित्रवाणी चालू असताना आणि दोन माणसे एकाच वेळी बोलत असताना होत. दुसरी म्हणजे, रुग्णालयात एकदा फिट आल्यामुळे त्यांना लेव्हेटिरासेटम हे औषध चालू होते आणि चिडचिड हा त्याचा सुपरिचित दुष्परिणाम आहे. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनी नोंदी पाहून ते टप्प्याटप्प्याने बदलले आणि काही आठवड्यांत स्फोटांची तीव्रता उतरली. सततच्या थकव्यामागे पिट्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकांची कमतरता असू शकते, म्हणून रक्ततपासणीही झाली. ती सामान्य आली. स्वभाव बदलला असे म्हणून सोडून देण्याआधी औषध, झोप, वेदना आणि संप्रेरके तपासून घेणे हे डॉक्टरांचे काम आहे, पण त्यासाठी लागणाऱ्या नोंदी घरातूनच यायला हव्यात.

आखणी

योजनेचा गाभा असा होता की मदतनिसाने काम करायचे नाही, सुरुवात करून द्यायची, आणि तीही कमीत कमी मदतीने. चार पायऱ्या ठरवल्या. आधी जवळ उभे राहून थांबायचे आणि मनात सावकाश वीस अंक मोजायचे. मग मोकळा प्रश्न विचारायचा, ‘ताई, आता काय राहिलं?’ तरीही हालचाल नसेल तर थेट सांगायचे, ‘ताई, टूथब्रश घ्या.’ आणि शेवटी हाताला हलका स्पर्श करून हालचाल सुरू करून द्यायची. काम सुरू झाले की बोलणे बंद ठेवायचे, कारण मध्येच केलेले कौतुकसुद्धा त्यांचे लक्ष तोडत असे. नव्याने आलेल्या दोन्ही मदतनिसांना सर्वांत कठीण गेले ते हे थांबणे. समोरची बाई नळाकडे बघत उभी असताना वीस मोजणे निर्दयपणाचे वाटते, असे त्यांच्यापैकी एक पहिल्या आठवड्यात म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच ताईंनी कळवले की बाराव्या अंकावर बाईंनी स्वतःहून साबण उचलला.

दिवसाचा क्रम एकच ठेवला आणि वस्तूंच्या जागाही. बाहेरचा क्रम आतल्या क्रमाची जागा काही प्रमाणात घेऊ शकतो. येथे फिनिअस गेज याची आठवण होते. १८४८ मध्ये कपाळामागील मेंदूतून लोखंडी कांब आरपार गेलेला हा रेल्वेमार्गावरचा मुकादम त्याच्या बदललेल्या स्वभावासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याने पुढे चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या मार्गाने करायच्या त्या कामाच्या शिस्तीने त्याला सावरले असावे, असे त्याच्या चरित्राचा बारकाईने शोध घेणाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि आमच्या कामातील अनुभव त्याला जुळणारा आहे.

स्मृतीसाठी एक जाड वही ठरवली. एका दिवसाला एक पान. ती वापरायला शिकवताना चूक होऊ न देण्याची पद्धत घेतली. आपण सहसा ‘आठवून बघा’ म्हणतो आणि चुकले की दुरुस्त करतो. ताज्या घटना लक्षात ठेवण्याची शक्ती दुबळी झालेल्या व्यक्तीला चूक झाली होती हे आठवत नाही, पण चुकीची कृती मात्र अंगवळणी पडते. म्हणून अंदाज बांधू न देता प्रत्येक वेळी योग्य कृती दाखवायची आणि आधार हळूहळू काढून घ्यायचा. बार्बरा विल्सन आणि ॲलन बॅडली यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीचा स्मृतिदोष असलेल्या रुग्णांसाठी पद्धतशीर अभ्यास केला. दर दोन तासांनी वही उघडण्याची सवय लागायला आमच्या रुग्णाला सात आठवडे लागले. गोळ्या आणि विश्रांती यांसाठी मोबाइलचा गजर जोडला. गजराची ही कल्पना एका घरातूनच आली आहे, हे मला नेहमी हृद्य वाटते : डोक्याला मार बसलेल्या मुलाचे वडील असलेले लॅरी ट्रेडगोल्ड हे अभियंते आणि मज्जामानसशास्त्रज्ञ नील हर्श यांनी पेजरवर आठवण पाठवणारी न्यूरोपेज ही व्यवस्था तयार केली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४३ जणांवरील चाचणीत तिचा उपयोग दिसून आला. मात्र आमच्या प्रकरणात गजराची मर्यादाही दिसली. गजर वाजला की त्या तो बंद करत आणि बसून राहत. गजराच्या जोडीला माणूस लागला. नुसत्या उपकरणावर सकाळ निभावली नाही.

रचलेल्या आठवणींबाबत सर्वांनी एकच वागणूक ठेवायची होती : खोटे ठरवायचे नाही, होकारही भरायचा नाही. ‘शाळेची आठवण आली वाटतं, आजचं पान बघूया का?’ एवढेच म्हणायचे आणि वही पुढे करायची. पतीला हे सांभाळायला वेळ लागला, पण वाद थांबल्याचा पहिला फायदा त्यांनाच झाला. सुरक्षेसाठी गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र आणि ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारी झडप बसवली. खाद्यपदार्थ खराब झाले आहेत का, हे वासावरून ठरवणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी आली. अकरा आणि तीन वाजता, थकवा दिसण्याची वाट न पाहता, अंधाऱ्या खोलीत अर्धा तास पडण्याची वेळ ठरली. तसेच, अशा रक्तस्रावानंतर मेंदूतील पाण्याचा निचरा अडून काही काळाने बिघाड होऊ शकतो. त्यामुळे चाल अडखळू लागली, लघवीवर ताबा राहिनासा झाला, झोप वाढली किंवा नवी डोकेदुखी सुरू झाली तर ‘आज बाईंचा मूड नाही’ असे न समजता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, हे वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लाल अक्षरांत लिहिले.

कमी झालेले तास

नवव्या महिन्यापर्यंत सकाळची चालना निम्म्याहून खाली आली होती. दिवसाला सहा तास मदत मंजूर होती आणि ती मंजूर करणाऱ्या यंत्रणेचा फेरतपासणीचा दिवस आला. आलेल्या अधिकाऱ्यांनी रुग्णाशी सुमारे तासभर गप्पा मारल्या. त्यांनी आपली आंघोळ, स्वयंपाक, औषधे, वाचन यांविषयी सुसंगत माहिती दिली आणि मदतीची फारशी गरज वाटत नाही, असेही सांगितले. स्वतःच्या दोषाची जाण नसणे हा याच इजेचा भाग असतो. जोसेफ बाबिन्स्की यांनी अशा अजाणतेला १९१४ मध्ये नाव दिले होते. मदतनीस त्या वेळी दुसऱ्या खोलीत होत्या आणि त्यांना कोणी काही विचारले नाही. तीन आठवड्यांनी मदत दीड तासावर आणल्याचे पत्र आले. चांगली प्रगती हेच त्यामागचे कारण दिले होते.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांचा तपशील लिहिणे मला जड जाते. दीड तासात मदतनिसांना थांबण्याइतका वेळ उरला नाही, म्हणून त्या घाईने स्वतःच कामे उरकू लागल्या. वही उघडेनाशी झाली. दुपारच्या विश्रांतीचा गजर वाजत राही. मुलीने महाविद्यालयातील तास चुकवून घरी थांबायला सुरुवात केली आणि हे वडिलांपासून लपवले. पाचव्या आठवड्यात रात्रीच्या गोळ्या सलग तीन दिवस राहिल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात त्यांना फिट आली. कपाळाला टाके पडले. मेंदूत नवा रक्तस्राव नव्हता, हे त्यांचे आणि आम्हा सर्वांचे भाग्य.

येथे आमचीही चूक होती आणि ती लिहून ठेवणे आवश्यक आहे. चालना कमी झाल्याच्या नोंदी आम्ही अभिमानाने अहवालात दिल्या, पण ती कमी झालेली चालनाच दिवस उभा करत होती, हे त्याच ठळकपणे लिहिले नाही. वाचणाऱ्याला त्यातून गरज ओसरत चालल्याचे चित्र दिसले. फेरविचारासाठी अर्ज करताना आम्ही वर्णन टाळले आणि निरीक्षण मांडले. यंत्रणेच्या प्रतिनिधींना दोन सकाळी घरी बसण्याची विनंती केली. पहिल्या सकाळी मदतनिसांनी नेहमीप्रमाणे चालना दिली. दुसऱ्या सकाळी, पती व रुग्ण यांच्या संमतीने आणि मदतनीस हाताच्या अंतरावर असताना, कोणतीही चालना दिली नाही. पहिल्या दिवशी त्या पन्नास मिनिटांत आंघोळ, कपडे, गोळ्या आणि न्याहारी आटोपून खिडकीशी वाचत बसल्या. दुसऱ्या दिवशी पन्नासाव्या मिनिटाला त्या पलंगाच्या कडेलाच होत्या, रात्रीच्या कपड्यांत. आम्ही तिथेच थांबलो, कारण पुढे पाहत राहणे त्यांच्यावर अन्याय झाला असता. मदत वाढवून पाच तासांवर नेण्यात आली.

घरातील इतर तिघे

१९८० च्या दशकात ग्लासगो येथे डोक्याच्या गंभीर इजेनंतर कुटुंबांचा पाच वर्षे मागोवा घेण्यात आला. शारीरिक अपंगत्वापेक्षा स्वभावातील आणि वागण्यातील बदल नातेवाइकांना अधिक जड जातात आणि काळाबरोबर हा भार आपोआप हलका होत नाही, असे त्यात दिसले. या घरातही तेच होते. पती एकदा म्हणाले की ते आता नवरा नाहीत, पर्यवेक्षक आहेत. माणूस समोर आहे आणि तरीही तो हरवला आहे, अशा शोकाला कोणताही विधी नसतो, भेटायला कोणी येत नाही, आणि असे वाटते हे बोलून दाखवण्याचीही लाज वाटते. त्यामुळे पाच तासांपैकी संध्याकाळचा एक तास आम्ही मुद्दाम पती घरी असताना ठेवला. त्या तासात औषध, अंघोळ, वही यांविषयी त्यांनी पत्नीला काहीही सांगायचे नाही. ते काम मदतनीस करतील आणि ते दोघे फिरायला जातील, एवढीच अट होती. तासांचा हा उपयोग मंजूर करून घेताना बराच पत्रव्यवहार झाला, पण पूर्ण योजनेत त्याहून योग्य खर्च झालेला तास मला दिसत नाही.

मुलीकडून सूचना देण्याचे काम काढून घेतले. ती चिडली, कारण आईचे तिच्याइतके कोणालाच कळत नाही, असे तिला वाटत होते आणि ते खरेही होते. तिला आम्ही मदतनिसांच्या प्रशिक्षणात बोलावले. त्यानंतर तिचे रोजचे काम संपले. मुलाचे दुःख कळायला आम्हाला उशीर झाला. त्याने मित्रांना घरी आणणे बंद केले होते, कारण आई त्यांच्यासमोर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारी. मेंदूत काय झाले आहे हे त्याला चित्र काढून समजावल्यावर त्याने एकच विचारले, आईला आपला राग येतो तेव्हा तो खरा असतो का. त्याला सांगितले की राग खरा असतो, पण तो थांबवणारा ब्रेक दुखावला आहे.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस

वासाची जाणीव परतली नाही. शाळेतील नोकरीवर परतण्याचा विषय त्यांनी स्वतः तीनदा काढला आणि तीनदा आम्ही एकत्र बसून वर्गातील एका तासात किती गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात याची यादी केली. तिसऱ्या वेळी यादी त्यांनीच लिहिली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर ओळखीच्या एका मुलीला आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी चाळीस मिनिटे, बीजगणित शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. मदतनीस पुस्तक उघडून पहिले उदाहरण वाचतात आणि उठून जातात. पुढची चाळीस मिनिटे त्या पूर्वीच्या शिक्षिका असतात, कारण अनेक वर्षे अंगवळणी पडलेले ते ज्ञान या इजेत वाचले आहे. शिकवणी संपल्याचे त्यांना संध्याकाळी आठवत नाही, म्हणून ती मुलगी जाताना वहीत सोडवलेल्या उदाहरणांची संख्या लिहून सही करते.

सकाळची चालना आता बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते, पण ती शून्यावर आलेली नाही आणि येईल असे मी कुटुंबाला सांगितलेले नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हस्ताक्षरात नव्या मदतनिसांसाठी सूचना आहे : ‘मला सुरुवात करून द्या. मग थांबा. काम मी करते.’ दोनपैकी एका मदतनीस ताईंनी अलीकडे काम सोडले. त्यांच्या जागी आलेल्या ताई दहा दिवस जुन्या ताईंसोबत राहिल्या. त्या काळात चालनेची संख्या वाढली आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आली. अशा जोडीने काढलेल्या दिवसांचे तास मंजुरीत धरले जात नाहीत, त्यामुळे यावेळी पतीने रजा घेतली. पुढील वर्षी मुलगी शिक्षणासाठी घराबाहेर जाणार आहे. शनिवार-रविवारी, जेव्हा आज मदतनीस नसतात, तेव्हा सकाळी कोण थांबेल, हा पुढच्या फेरतपासणीतील पहिला मुद्दा आहे, आणि त्यासाठीच्या दोन सकाळच्या निरीक्षणाची तारीख आम्ही आताच मागून ठेवली आहे.